पालखी ज्या वाटेनं चढते

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही साताऱ्यात गोडोलीला राहतो. मी आणि माझे मिस्टर दोघंही नोकरी करतो. मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. सासूबाई ६६ वर्षांच्या, गुडघ्यांचा त्रास आहे. रविवार आला की आम्ही पाचजण गाडीत बसतो आणि शेवटी हायवेवरच्या एखाद्या हॉटेलात जेवून परत येतो. मागच्या महिन्यात, सप्टेंबरात, एका रविवारी कासला निघालो. बुकिंग केलेलं नव्हतं. यवतेश्वरच्या घाटात दीड तास गाडीत बसलो आणि माघारी फिरलो. शेजारचे म्हणतात वासोट्याला जा, सोपा आहे. मला मुलांना डोंगरात न्यायचंय, पण ट्रेक नकोय. दोन-तीन तास झाडांतून चालावं, कुठंतरी बसून डबा खावा, दिवस मावळायच्या आत घरी यावं, एवढंच. फोनवर शोधलं की तेच ते धबधबे आणि तेच ते किल्ले येतात. सासूबाईंना घरी एकटं ठेवून जायचं जिवावर येतं. त्यांचं माहेर जावळीत, लहानपणी गुरांमागं डोंगर हिंडलेल्या आहेत, पण आता त्यांना न्यायचं कुठं हेच कळत नाही. माझं माहेर पलूसकडचं, तिकडचंही काही सांगितलंत तर सुट्टीत जाता येईल. अशा लहान वाटा शोधायच्या कशा?

– एक वाचक, सातारा

उत्तर

ताई, तुम्हाला हव्या आहेत त्या वाटा साताऱ्याच्या चारी बाजूंना आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांवर आजही रोज कुणीतरी चालतं. फोनवर त्या येत नाहीत, कारण त्यांचे फोटो कुणी टाकत नाही. देवाला दिवा लावायला जाणारा गुरव, सरपणाला जाणाऱ्या बायका, शेरडं घेऊन निघालेलं पोर यांच्या पायांनी मळलेल्या त्या वाटा आहेत. म्हणून शोधताना किल्ल्याचं किंवा धबधब्याचं नाव धरून बसू नका. डोंगरावर माणसाचं काय काम पडतं ते आधी बघा.

आपल्याकडे डोंगरावर तीन कामांसाठी वाटा पडल्या. देवासाठी, पाण्यासाठी आणि गुरांसाठी. देवाची वाट सगळ्यात भरवशाची. यात्रेला म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, डोक्यावर नैवेद्याची पाटी घेतलेली माणसं तिथून चढतात, त्यामुळे ती रुंद असते, चढ बेताचा असतो आणि जिथं दम लागतो तिथं बहुतेकदा पार किंवा बसायला दगड असतो. पाण्याची वाट लहान असते, टाक्याशी किंवा झऱ्याशी संपते. मुलांना ती फार आवडते, कारण शेवटी बघायला काहीतरी मिळतं. गुरांची वाट मात्र फसवी. ती चारा जिकडे तिकडे जाते, तिला कुठं पोचायचं नसतं.

हे मी अंगावर घेऊन शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही चौघी वाईजवळच्या वैराटगडावरून उतरत होतो. चढताना वाट नीट होती. उतरताना गप्पांच्या नादात एका ढोरवाटेला लागलो. ती दहा मिनिटांत दोन झाली, दोनाच्या चार झाल्या, आणि शेवटी कारवीच्या रानात एका ओघळीच्या तोंडाशी संपली. पुन्हा वर चढून मूळ वाट सापडेपर्यंत अंधार पडला. चौघींत एकच बॅटरी. खालच्या वस्तीवरचा एक दादा आमचा आवाज ऐकून कंदील घेऊन वर आला, म्हणून आम्ही आठ वाजता रस्त्याला लागलो. माझ्याबरोबर धाकटी बहीण होती आणि तिच्या चेहऱ्यावरची भीती मी अजून विसरलेले नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: ज्या वाटेनं चढलो त्याच वाटेनं उतरायचं, आणि चढताना दर फाट्याशी मागं वळून बघायचं. उतरताना तीच जागा वेगळी दिसते. मुलाला हे काम द्या. अकरा वर्षांचं पोर फाटे लक्षात ठेवण्यात मोठ्यांपेक्षा हुशार असतं.

गावात वाट विचारताना प्रश्न नीट विचारा. ‘वर जायला किती वेळ लागतो?’ असं विचारलंत तर ‘ह्ये काय, हितंच’ असं उत्तर येईल. सांगणारा खोटं बोलत नाही, तो त्याच्या पायांचा हिशेब सांगतो. त्याऐवजी विचारा, ‘यात्रेला पालखी कुठून चढते?’ आणि दुसरा प्रश्न, ‘म्हातारी माणसं जातात का?’ ‘व्हय, जात्यात की’ असं आलं तर डोळे मिटून निघा. ‘आता कोन जात न्हाय, पूर्वी जायाची’ असं आलं तर ती वाट मोडलेली असते. तिथं मुलांना घेऊन जाऊ नका.

घरबसल्या शोधायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे त्यांच्या ऑनलाइन पोर्टलवरून मोफत उतरवून घेता येतात. त्यावर तपकिरी रेषा उंची दाखवतात. त्या जवळजवळ असल्या की चढ खडा, लांब लांब असल्या की सोपा. पायवाटा तुटक लाल रेषांनी दाखवलेल्या असतात, देवळं, विहिरी, तळीही असतात. रस्त्यापासून एखाद्या देवळाकडे तुटक रेषा जातेय आणि वाटेत तपकिरी रेषा फार दाटलेल्या नाहीत, असं दिसलं की ती तुमची वाट. फोनवरच्या उपग्रहाच्या चित्रातही बघा. उन्हाळ्यातलं चित्र असेल तर गवत वाळलेलं असतं आणि मळलेली वाट पांढरी रेघ ओढल्यासारखी उठून दिसते.

अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, वेळेत मोजा. लहान मुलं बरोबर असली की मी सपाटीला तासाला दोन-अडीच किलोमीटर धरते आणि दर १०० मीटर चढाला पंधरा-वीस मिनिटं जादा. नकाशावरच्या रेषा मोजून हे गणित घरीच करता येतं. मग एक वेळ ठरवायची, समजा साडेदहा. साडेदहा वाजले की जिथं असू तिथून परत, देऊळ समोर दिसत असलं तरी. हे सगळ्यांना निघण्याआधी सांगून ठेवा, म्हणजे वर गेल्यावर वाद होत नाहीत.

आता सासूबाईंविषयी. तुम्ही पत्रात त्यांचं कोडं म्हणून लिहिलंय, पण मला वाटतं तुमचं उत्तर त्यांच्याजवळच आहे. जावळीच्या रानात गुरांमागं वाढलेल्या बाईला ढोरवाट कुठली आणि देवाची वाट कुठली हे सांगावं लागत नाही. कुठल्या झाडाखाली बसावं, कुठल्या गवतात पाय घालू नये, ढग कुठून आले की पाऊस ठरलेला, हे त्यांना ठाऊक असणार. घोट्याएवढ्या पाल्याकडे बघून कुर्डू की टाकळा हे त्या सांगतील. मी आणि तुम्ही पुस्तक उघडून बसू. एकदा संध्याकाळी त्यांना विचारा, तुमच्या गावावर कुठला देव होता, तिथं कुठून जायचात. मेढ्याच्या वर मेरुलिंगाचं देऊळ आहे, त्या भागातल्या असतील तर तिथल्या यात्रेच्या आठवणी निघतीलच. बोलू द्या त्यांना. पुढच्या सहा महिन्यांचे रविवार त्यातून निघतील.

गुडघ्यांचं म्हणाल, तर चढताना दम लागतो आणि उतरताना गुडघे दुखतात. म्हणून त्यांच्यासाठी जागा निवडताना उतार बघा. पायऱ्यांपेक्षा मातीचा हलका उतार बरा, आणि सुट्या मुरमाचा घसारा असेल तर ती वाट सोडाच. दोन हातांत दोन काठ्या दिल्या तर गुडघ्यावरचा बराच भार हातांवर येतो. एक काठी पुरत नाही, दोन हव्यात. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या. आणि त्यांनी सगळं चालावं असा आग्रह नको. निम्म्या वाटेवर पार आहे, सावली आहे, तिथं त्या नातीला घेऊन बसल्या आणि तुम्ही तिघं वर जाऊन आलात, तरी त्यांचा दिवस डोंगरातच गेला.

जागा सांगते. अगदी घराजवळून सुरुवात करायची तर अजिंक्यतारा आहेच. शहरापेक्षा साधारण ३०० मीटर उंच, वरपर्यंत रस्ता. सासूबाईंना गाडीतून वर सोडता येतं आणि बाकीच्यांनी पायी चढायचं. सकाळी सहाला अर्धं सातारा तिथं असतं, त्यामुळे पहिल्यांदा मुलांना नेताना धाकधूक वाटत नाही. तटावरून फिरताना जरंडेश्वर, यवतेश्वर, सज्जनगड, नांदगिरी, चंदन-वंदन ओळखायला शिकवा. एकदा हे डोंगर ओळखीचे झाले की पुढचं ठिकाण मुलंच मागतात. कुरणेश्वर आणि महादरेही घरापासून लांब नाहीत. महादऱ्याचं रान फुलपाखरांसाठी ओळखलं जातं, आणि ऑक्टोबर हा त्यांचाच महिना. काळ्या मखमलीवर निळं पसरलेलं मोठं फुलपाखरू दिसलं तर ते नीलवंत, आपल्या राज्याचं फुलपाखरू. फुलपाखरांना सकाळी फार लवकर जाऊ नका. ऊन अंगाला लागल्यावर, नऊच्या पुढं, ती उडायला लागतात.

पण तुमच्या घरासाठी मी पहिलं नाव घेईन ते पाटेश्वरचं. देगावच्या डोंगरावर, एमआयडीसीच्या पलीकडे. साताऱ्यापासून बारा-पंधरा किलोमीटर, आणि तरी कितीतरी सातारकरांनी ते पाहिलेलं नाही. थोडं वरपर्यंत गाडी जाते, तिथून पुढं अर्ध्या तासाची पायवाट. ही खरी देवाची वाट. शेकडो वर्षं माणसं तिथं महादेवाला गेली आहेत. झाडी अंगावर येते, पण वाट हरवत नाही. वाटेत गणपती लागतो, मग पुष्करिणी. देऊळ आहे, आणि आजूबाजूला कातळात कोरलेल्या खोल्या. एकीला वऱ्हाडघर म्हणतात. आणि शिवलिंगं! मोठी, लहान, एकाच दगडावर ओळीनं कोरलेली शेकडो, कुणी अंगठ्याएवढी. तुमच्या लेकीला ती मोजायला लावा. मोजून होणार नाहीत, पण तास कसा गेला कळणार नाही. मला तिथली शांतता आवडते. झाडांची सावली इतकी दाट की दुपारीही गार वाटतं, आणि पाण्याकाठी बसलं की खंड्याची निळी रेघ डोळ्यांसमोरून जाते. पूजेची जागा आहे, तेव्हा पाण्यात पाय घालून बसणं, खरकटं टाकणं, मोठ्यानं गाणी लावणं यातलं काही करू नका. डबा बाहेरच्या मोकळ्या जागेत खा.

त्याच्या पुढची पायरी कल्याणगड, म्हणजेच नांदगिरी, कोरेगावच्या बाजूला. इथं चढ आहे. सवयीच्या माणसाला तास पुरतो, तुम्ही दोन धरा. मुलाला हा गड का दाखवायचा, तर वर कातळात लांब भुयारासारखी गुहा आहे, आत पाणी साठलेलं असतं आणि त्या पाण्यातून पुढं गेलं की पार्श्वनाथांची आणि दत्ताची मूर्ती. अंधारात बॅटरीच्या उजेडात पाण्यातून चालत देवापर्यंत पोचायचं, अकरा वर्षांच्या मुलाला याहून मोठं काय हवं. पण पावसाळ्यानंतर पाणी जास्त असतं, म्हणून डिसेंबर-जानेवारीत जा, प्रत्येकाकडे बॅटरी ठेवा आणि लेकीला कडेवर घ्या. सासूबाईंना इथं नेऊ नका.

ठोसेघर त्यांच्यासाठी चांगलं. धबधबा समोरून बघायला बांधलेली जागा आहे, कठडे आहेत, चालणं थोडं. जाताना वाटेत सज्जनगड लागतो. तिथंही गाडी बऱ्याच उंचीपर्यंत जाते, पण शेवटच्या पायऱ्या चढाव्याच लागतात, तेव्हा त्या दिवशी गुडघे काय म्हणतात ते बघून ठरवा. धबधब्याच्या पाण्यात उतरायला कुठंच जाऊ नका. वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. भांबवलीचा वजराई, तीन टप्प्यांत कोसळणारा, उरमोडीच्या उगमाकडचा, फार देखणा आहे. पण तिथली वाट पावसाळ्यात निसरडी असते आणि जळवा पायाला लागतात. मुलं थोडी मोठी झाली की पावसाळा संपता संपता जा, आणि लांबूनच बघा.

कासविषयी तुम्ही नाराज आहात, पण त्याला सोडू नका. फुलांचा हंगाम ऑगस्ट अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. त्या दिवसांत रोज ठराविक संख्येनंच लोक आत सोडतात, म्हणून बुकिंग लागतं. पुढच्या वर्षी दोघांनी मधल्या वारी एक दिवस रजा टाका आणि सकाळच्या पहिल्या वेळेला पोचा. ८५० च्या आसपास फुलझाडांच्या जातींची नोंद असलेलं हे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आलं. तिथं पाय का जपून ठेवायचा हे मुलांना आधीच सांगा. खाली सलग जांभ्याचा कातळ, वर काही बोटं माती. एवढ्याशा मातीत सीतेची आसवं, तेरडा, गेंद, सोनकी उगवतात, बी टाकतात आणि दिवाळीपर्यंत वाळून जातात. फोटोसाठी एकदा आत पाऊल पडलं की माती दबते आणि पुढच्या वर्षी तिथं फूल येत नाही. सीतेच्या आसवांची गोष्ट मुलांना फार आवडते. ते निळंजांभळं इवलंसं फूल खरं तर शिकारी झाड आहे, ओल्या मातीतल्या बारीक जिवांना सूक्ष्म पिशव्यांत ओढून घेतं, कारण त्या मातीत पोषण नाही. पठारावरून कुमुदिनी तळ्याकडे जाणारा जुना राजमार्ग चालायला सपाट आणि मोकळा आहे. गर्दी असतेच, पण गाडी सोडून दहा मिनिटं चाललं की ती निम्मी होते.

वासोटा सुंदर आहे, शेजाऱ्यांचं तेवढं बरोबर. पण बामणोलीहून बोट, वनखात्याची परवानगी, घनदाट जंगलातला दोन-तीन तासांचा चढ, पुन्हा बोटीची वेळ गाठणं, असा तो सबंध दिवस आहे. सहा वर्षांच्या मुलीला घेऊन बोटीच्या वेळेमागं धावत उतरणं म्हणजे सहल राहत नाही. चार-पाच वर्षं थांबा.

पलूसकडे गेलात की सागरेश्वर. तुमच्या माहेरापासून जवळच, किर्लोस्करवाडी किंवा ताकारी स्टेशनवरूनही गाठता येतं. ही जागा मुलांना दाखवायलाच हवी, कारण ते रान माणसांनी लावलेलं आहे. एके काळी ते उघडेबोडके, चरून संपलेले डोंगर होते. धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, गावकरी आणि वनखातं बरोबर आलं, झाडं लावली, राखली, हरणं आणून सोडली. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं. क्षेत्र १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे लहानसंच. बारमाही मोठा पाणवठा नसलेल्या त्या डोंगरांत आज चितळ, सांबर, काळवीट आहेत. माथ्यावरून खाली कृष्णेचं वळण आणि उसाचा हिरवा पट्टा दिसतो. पायथ्याला सागरेश्वराच्या जुन्या दगडी देवळांचा समूह आहे. तिथं सासूबाई आणि तुमच्या आई निवांत बसू शकतील. जवळच देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. हरणं बघायची तर सकाळी फाटक उघडताच आत जा आणि रंगीत भडक कपडे घालू नका. मिरजेच्या बाजूला जाणं झालं तर दंडोबाचा डोंगर आहे, कातळात कोरलेलं देऊळ आणि वर वनखात्यानं राखलेली झाडी. सोपं चालणं.

सातारा आणि पलूसच्या मधे कराड येतं. तिथला सदाशिवगड पायऱ्यांचा, कराडकरांचा रोजचा. आगाशिवाच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, ६४ मोजली आहेत. जखिणवाडीच्या बाजूनं चढता येतं. माहेरी जाताना पहाटे निघालात तर दोनातलं एक करून जेवायला पलूसला पोचाल. थंडीत खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर पक्षी येतात. पाणी उथळ असलं तर रोहितही उतरतात. तिथं चढ काहीच नाही, फक्त पहाटे उठावं लागतं.

ऋतूचं भान ठेवा. आता ऑक्टोबरात गवत कंबरेइतकं आहे, त्यात पाय कुठं पडतो ते दिसत नाही. फुरसं आणि घोणस आपल्याच डोंगरात आहेत. मळलेली वाट सोडू नका, बूट आणि लांब पँट घाला, काठी पुढं आपटत चाला. दगडाखाली आणि बिळात मुलं हात घालतात, तेवढं नक्की सांगा. कुणाला साप चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही करू नका. चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तुमचे खरे महिने. पण दिवस लहान असतो, डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या पूर्व अंगाला त्याच्या कितीतरी आधी सावली पडते. फेब्रुवारी सरला की वाळलेल्या गवताला वणवे लागतात. लांब कुठं धूर दिसला तरी खाली उतरा आणि वनखात्याच्या १९२६ वर कळवा. स्वतः चूल मांडू नका, शेकोटी नको. कडेकपारीत आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर आवाज न करता लांबून जा, आणि त्या दिवशी कुणी अत्तर-सेंट लावू नका. मार्चनंतर सकाळी नऊच्या आत उतरायचं. एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळीव येतो, तेव्हा माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका.

पाणी माणशी दोन लिटर तरी घ्या. टाक्यातलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी मुलांना पाजू नका. डब्याला हॉटेलचं नको. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, काकडी, गुळपापडी. दशमी दोन दिवस टिकते आणि दप्तरात चेपली तरी बिघडत नाही. सासूबाईंना विचारा, त्यांच्या आईनं रानात जाताना फडक्यात काय बांधून दिलं होतं. तेच करा.

एकाच ठिकाणी पुन्हा जायला कंटाळू नका. पाटेश्वरला ऑक्टोबरात गेलात तर पाणी भरलेलं असेल, मार्चमध्ये झाडं पालवी बदलत असतील, मेमध्ये वाटेवर करवंदं असतील. तीन वेळा गेल्यावर मुलं वाट दाखवू लागतील. दर रविवारी नवी जागा हवी असं मुलांना वाटत नाही, तो आपल्याला मोठ्यांना लागलेला घोर आहे.

म्हणून येत्या रविवारी असं करा. शनिवारी रात्री डबा ठरवून ठेवा, दोन काठ्या गाडीत टाका. सकाळी सातला निघा, साडेसातपर्यंत देगाव. गावात थांबून चहा घ्या आणि एखाद्या जाणत्या माणसाला वाट विचारा. प्रश्न सासूबाईंना विचारू द्या. त्यांच्या भाषेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर वेगळं येतं. आठ-सव्वाआठला चालायला लागा. सासूबाई सगळ्यात पुढं, त्यांच्या चालीनं सगळे मागं. त्या बसतील तिथं बसायचं. पुष्करिणीपर्यंत पोचलात तर उत्तम, नाही पोचलात तर जिथं बसलात तिथं दशम्या सोडा. साडेदहाला परत फिरा. बारा वाजता घरी असाल, आणि दुपारी मुलं झोपली की मला दोन ओळी लिहा, सासूबाईंनी वाटेत कोणकोणती झाडं ओळखली ते.